अकरा वाजता हँडपीस संपतात, तिथून सुरुवात करा

पत्र थोडक्यात : दोन खुर्च्यांचा, संध्याकाळी सातला बंद होणारा दंत दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचं हे पत्र. गेल्या दीड वर्षात त्यांच्याकडच्या चार डेंटल असिस्टंट आणि एक रिसेप्शनिस्ट नोकरी सोडून गेल्या. दोघी असिस्टंट तीन महिन्यांच्या आतच गेल्या, एक वर्षभराने, एक अडीच वर्षांनी. रिसेप्शनिस्ट आठ महिने टिकली. दुसरी गेली तेव्हा डॉक्टरांनी नव्याने येणाऱ्यांचा पगार वाढवला, तरी गळती थांबली नाही. आता सहा वर्षं सोबत असलेल्या, दवाखान्यात सगळे ज्यांना ‘ताई’ म्हणतात त्या ज्येष्ठ असिस्टंटनीही पुढच्या महिनाअखेरीस काम सोडत असल्याचं सांगितलं आहे. डॉक्टर लिहितात, ‘मी सगळ्यांना घरच्यासारखं वागवते. पण आजकाल कामावर निष्ठा राहिलेली नाही, चार पैसे जास्त मिळाले की निघाल्या. दवाखान्यात चार हँडपीस (दात कोरायचं हातातलं यंत्र) आहेत, खरं तर पुरतात, पण मुली वेळेवर तयार करून देत नाहीत. मग माझा आवाज चढतो.’ त्यांचे प्रश्न तीन आहेत. नव्या मुलींकडून दोन वर्षांचा बाँड लिहून घ्यावा का? ताईंना पगार वाढवून थांबवावं का? आणि टिकणारी माणसं शोधायची कशी?

डॉक्टर,

पेशंटच्या तोंडात दोन्ही हात अडकलेले असताना शेजारी उभं असलेलं माणूस दर चार महिन्यांनी नवं असावं, हा त्रास बाहेरच्याला कळत नाही. काय हवं ते शब्दात सांगावं लागतं, सांगेपर्यंत कॉम्पोझिटवर, म्हणजे दातात भरायच्या मसाल्यावर, लाळ आलेली असते, आणि भरलेलं सगळं काढून पुन्हा सुरुवात. तुमची चिडचिड समजते. पण पत्रातलं जे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, ते चार हँडपीसचं, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. उत्तराचा मोठा भाग त्यावरच आहे.

त्याआधी निष्ठेबद्दल थोडं. पाच जणी गेल्या असं एका दमात म्हटलं की कारणही एकच असेल असं वाटायला लागतं. दात दुखतोय एवढंच ऐकून तुम्ही तो काढत नाही. थंडाने दुखतो की चावताना, रात्री झोपमोड होते का, ठणका किती वेळ राहतो, हे विचारता. तसं इथे विचारा. तीन महिन्यांच्या आत गेलेल्या दोघींना निष्ठा दाखवायला वेळच मिळाला नव्हता. इतक्या लवकर माणूस जातं ते बहुतेकदा दोन कारणांनी : सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम वेगळं निघालं, किंवा कुणी नीट शिकवलं नाही आणि रोज चुकण्याच्या धाकात दिवस काढावा लागला. वर्षभराने जाणारीला काम येत असतं, पण याच्या पुढे काय ते तिला दिसत नाही. अडीच किंवा सहा वर्षांनी जाणारी दमलेली असते, नाहीतर आपल्यानंतर आलेलीला जवळपास आपल्याइतकाच पगार आहे हे तिच्या कानावर आलेलं असतं. नव्यांचा पगार वाढवलात तेव्हा ताईंचा किती वाढवलात, हे पत्रात नाही. तो आकडा आधी तपासा.

आता हँडपीसचा हिशेब. कागद घ्या आणि सकाळी दहापासून लिहायला लागा.

दोन खुर्च्या, दर अर्ध्या तासाला एक पेशंट, म्हणजे तासाला चार. सगळ्यांनाच हँडपीस लागत नाही हे खरं, पण फिलिंग, रूट कॅनल, क्राउनसाठी (दातावरच्या टोपीसाठी) दात घासणं अशी कामं सकाळी सलग लागली की प्रत्येकाला एक लागतोच. दहा वाजता दोन वापरात गेले, साडेदहाला उरलेले दोन. पहिली जोडी साडेदहाला असिस्टंटच्या हातात आली. ती २०-३० सेकंद चालवून आतलं पाणी आणि हवा बाहेर काढायची, बाहेरून साफ करायची, तेल द्यायचं, जादा तेल उडवून टाकायचं, पाउचमध्ये बंद करायची. दहा मिनिटं. पुढे ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं मशीन. १३४ अंश सेल्सिअसला प्रत्यक्ष निर्जंतुकीकरण जेमतेम ३-४ मिनिटांचं असतं आणि डॉक्टरांच्या डोक्यात तोच आकडा बसलेला असतो. मशीन तापणं, वाफ भरणं, वाफ सोडणं आणि पाउच कोरडे होणं धरलं तर पूर्ण फेरी पाऊण तासाच्या आसपास जाते. (तुमच्या मशीनची नेमकी वेळ एकदा घड्याळ लावून मोजाच.) मग हँडपीस निवू द्यायचा, कारण गरम हँडपीस तोंडात घालता येत नाही आणि नळाखाली धरून गार केला तर आतली बेअरिंग जातात. म्हणजे साडेदहाची जोडी एक क्षणही वाया न घालवता, फक्त त्या दोघांसाठी मशीन लावूनसुद्धा, साडेअकरा उलटून गेल्यावर हाती येते. तुमचा अकराचा पेशंट खुर्चीत बसतो तेव्हा कपाट रिकामं असतं. असं एखाद्या दिवशी नाही, रोज होतं.

प्रत्यक्षात दोन हँडपीससाठी मशीन कुणी लावत नाही. तासाभराचं सामान जमलं की लावतात. तसं धरलं तर दहाला वापरलेला हँडपीस बाराच्या सुमाराला परत मिळतो. तेवढ्यात आठ पेशंट होतात. तुमच्या गतीला आठ हँडपीस लागतात, आणि एखादा दुरुस्तीला गेलेला असतोच म्हणून वर एक-दोन. तुमच्याकडे चार आहेत. मुली कामचुकार नाहीत हो, त्यांना करायला सांगितलेली गोष्ट घड्याळात बसतच नाही.

अकरा वाजता त्या छोट्या खोलीत, सिंकसमोर उभ्या असलेल्या ताईंपुढे तीन वाटा असतात. तुम्हाला थांबायला सांगायचं आणि पेशंटसमोर बोलणी खायची. नाहीतर वाळवण्याचा भाग पूर्ण व्हायच्या आत मशीन उघडून ओले पाउच बाहेर काढायचे. ओल्या कागदातून जंतू आत शिरू शकतात, त्यामुळे असा पाउच निर्जंतुक धरता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. नाहीतर हँडपीस नुसता पुसून पुढे करायचा आणि खाली मान घालून सक्शन, म्हणजे लाळ-पाणी ओढणारी नळी, धरायचं. जिला कामातलं कळत नाही तिला यातलं काही टोचत नाही. जिला कळतं तिला रोज टोचतं. म्हणून अशा ठिकाणाहून चांगली माणसं आधी जातात. जाताना त्या पगाराचं किंवा घरच्या अडचणीचं कारण देतात, कारण ‘इथे मला चुकीचं काम करावं लागतं’ असं डॉक्टरांना तोंडावर सांगणं कुणालाच सोपं नसतं.

याचं मूळ अपॉइंटमेंटच्या वहीत आहे. त्या वहीत तुमचा वेळ आहे, पेशंटचा वेळ आहे. असिस्टंटच्या कामाला वहीत रकानाच नाही. पेशंट उठल्यावर खुर्चीवरची आवरणं बदलायची, पृष्ठभागावर जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेली मिनिटं ते ओलं राहू द्यायचं, पाण्याच्या नळ्या २०-३० सेकंद वाहू द्यायच्या, सक्शनमध्ये पाणी ओढायचं, नवा ट्रे लावायचा. हे सगळं शून्य मिनिटांत होतं असं वही म्हणते. ती शून्य मिनिटं कुणाच्या तरी जेवणाच्या सुट्टीतून किंवा घरी जायच्या वेळेतून निघतात. माणसं सोडून जातात त्याची सुरुवात तिथे होते.

तेव्हा पहिलं काम : दोन आठवडे काहीही न बदलता नुसत्या नोंदी ठेवा. प्रत्येक पेशंट खुर्चीत बसला ती वेळ, उठला ती वेळ, पुढचा बसला ती वेळ, हँडपीस किंवा ट्रेसाठी किती वेळा थांबावं लागलं, आणि शेवटची असिस्टंट दारातून किती वाजता बाहेर पडली. ही शेवटची नोंद सगळ्यात बोलकी ठरते. दवाखाना सातला बंद होतो असं तुम्ही लिहिलंय. सातला शेवटचा पेशंट उठला, तर शेवटची फेरी लावून, ती संपून, सक्शनच्या नळ्या आणि जाळ्या धुऊन, सामान कपाटात जाईपर्यंत सव्वाआठ होतात. पगार सातपर्यंतचा असतो.

नोंदी हातात आल्या की बदल फार अवघड नाहीत. अर्ध्या तासाच्या कामाला चाळीस मिनिटं द्या. त्यातली दहा असिस्टंटची, आणि ती वहीत रंगाने भरून टाका, म्हणजे रिसेप्शनवरून तिथे कुणाला घुसवता येणार नाही. एका खुर्चीवर फिलिंग असेल तेव्हा दुसरीवर तपासणी, टाके काढणं, कवळी बसवून बघणं, असं हँडपीस न लागणारं काम लावा. दिवसाच्या शेवटच्या तासात फक्त अशीच कामं घ्या, म्हणजे सामानाची शेवटची फेरी सहालाच लागते आणि सातला दिवे बंद करता येतात. हँडपीस एकदम दुप्पट घेणं झेपत नसेल तर आता दोन घ्या, सहा महिन्यांनी आणखी दोन. फिलिंग, रूट कॅनल, दात काढणं यांचे ट्रे कायमचे ठरवून कॅसेटमध्ये (सामानाच्या जाळीदार डब्यात) बांधून ठेवा. प्रत्येकाचा मांडलेल्या अवस्थेतला फोटो भिंतीवर लावा. नवी मुलगी फोटो बघून ट्रे लावू शकते, तिला तुमच्या मनातलं ओळखावं लागत नाही.

‘पेशंट कमी होतील’ अशी भीती वाटेल. वहीत कमी होतील हे खरं. पण आत्ता वहीत लिहिलेले आणि वेळेवर सुरू झालेले यांच्यात किती फरक आहे ते तुमच्याच नोंदी सांगतील. शिवाय गळतीचा हिशेब त्यासमोर मांडून बघा. धरा, अनुभव नसलेली असिस्टंट शेजारी असली की प्रत्येक काम दहा मिनिटं लांबतं. दिवसाला आठ कामं, म्हणजे ऐंशी मिनिटं. पन्नास कामाच्या दिवसांत चार हजार मिनिटं, सहासष्ट तासांहून जास्त. एका असिस्टंटच्या जाण्यामागे तुमच्या खुर्चीचे हे तास गेले. जागा रिकामी असतानाचे दिवस, रद्द झालेल्या अपॉइंटमेंट, पडून मोडलेलं सामान वेगळंच. तुमच्याकडून अशा चार गेल्या.

आता पगार. पगाराला महत्त्व नाही असं म्हणणारा सल्ला मी देणार नाही, तो खोटा आहे. कमी पगार आणि वेळेवर न मिळणारा पगार यांनी माणूस नक्की जातं. पण पगार पुरेसा झाल्यावर तो आणखी वाढवून कामाची गोडी वाढत नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९मध्ये अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं : नाराज करणाऱ्या गोष्टी आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात, एक काढून टाकली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. त्या मांडणीवर नंतर टीकाही बरीच झाली. तुमच्या दवाखान्यात मात्र ती दिसतेच आहे. पगार वाढला आणि गळती चालू राहिली.

पगारात मला तीन गोष्टी कराव्याशा वाटतात. वाढ कोणत्या महिन्यात होणार हे ठरलेलं आणि लिहिलेलं असावं, म्हणजे ती मागायला किंवा राजीनाम्याचा कागद पुढे करायला लागू नये. नव्या माणसाचा पगार ठरवताना जुन्यांचा त्याच दिवशी तपासावा. आणि वाढ कौशल्याला बांधावी : स्टरिलायझेशनची खोली एकटीने सांभाळता येणं हा एक टप्पा, सगळ्या कामांत खुर्चीशेजारी (चेअरसाइड) साथ देता येणं हा दुसरा, एक्स-रेची तयारी, इम्प्रेशनचं (दातांच्या मापाचं) मिश्रण, लॅबच्या कामाचा पाठपुरावा आणि साठ्याची मागणी हा तिसरा, नव्या मुलीला शिकवता येणं हा चौथा. प्रत्येक टप्प्याला ठरलेली वाढ. कोणती कामं असिस्टंटने करायची नाहीत हे कायद्यानुसार ठरतं, ती या यादीत घुसवू नका. वर्षभराने गेलेली तुमची असिस्टंट कदाचित असा तिसरा टप्पा समोर दिसला असता तर थांबली असती.

सातनंतरच्या वेळेचे पैसे वेगळे द्यायचे, हे मी पगारवाढीत धरतच नाही. ते देणंच आहे.

‘घरच्यासारखं वागवते’ या वाक्यावर जरा थांबू. तुम्ही ते मनापासून लिहिलंय, आणि अडीअडचणीला तुम्ही धावून जात असाल यात शंका नाही. पण घरात कुणी कुणाला तास विचारत नाही, जादा कामाचे पैसे मागत नाही, आणि मोठ्यांना ‘तुम्ही चुकताय’ म्हणत नाही. घरच्यासारखं म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. ताईंना सहा वर्षांत पगाराबद्दल स्वतःहून बोलता आलं का? तुमच्या मायेला धक्का न लावता काही गोष्टी कागदावर आणता येतात : कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपणाची रजा, वाढीचा महिना. एक पान पुरतं. ते दोघांनाही मोकळं करतं.

आवाज चढतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून लिहिते. पेशंटसमोर असिस्टंटला झापलं की तीन गोष्टी होतात. पेशंट घाबरतो आणि त्याचे खांदे वर येतात. असिस्टंट पुढची दहा मिनिटं हालचाल करायला कचरते, त्यामुळे सक्शन उशिरा येतं आणि तुमचा आवाज पुन्हा चढतो. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर : ती पुढच्या वेळी चूक लपवते. सुई टोचली तर सांगणार नाही. टोचलेली जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, लगेच सांगायचं आणि काही तासांच्या आत डॉक्टरी सल्ला घ्यायचा, कारण एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आतच सुरू करावा लागतो. हे सांगायला जी घाबरते तिचा जीव तुम्ही धोक्यात घालताय. चुकांबद्दल बोलायची वेळ ठरवून टाका : पेशंट गेल्यावर, दार लावून, दोन मिनिटं, त्या एका कृतीपुरतं. ‘लक्ष कुठे असतं’ याने कुणाला काही शिकता येत नाही. ‘सक्शनचं टोक आधी ठेव, मी हँडपीस नंतर आणते’ याने येतं.

सुईचा विषय निघालाच आहे तर : हेपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, तुमच्या खर्चाने, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सुरू. शेवटच्या डोसनंतर १-२ महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी, तीही तुमच्या खर्चाने. नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कळतं की या जागी आपल्या जिवाची किंमत आहे. तीन महिन्यांत गेलेल्या दोघींची लस झाली होती का, हे आठवून बघा.

शरीराबद्दलही लिहायला हवं, कारण दमून जाणाऱ्यांची अर्धी गोष्ट पाठीत आणि मानेत असते. असिस्टंटला तोंडातलं दिसायला तिची नजर तुमच्यापेक्षा १०-१५ सेंटीमीटर वर असावी लागते. त्यासाठी उंच होणारं आणि पाय टेकायला कडं असलेलं स्टूल लागतं. बऱ्याच दवाखान्यांत डॉक्टरांचं स्टूल उत्तम असतं आणि असिस्टंट दिवसभर उभी, कमरेत वाकून, एका हाताने सक्शन धरून. सहा वर्षं. एक स्टूल आणा, ट्रे तिच्या हाताशी येईल असा वळवा, आणि हातमोजे तिच्या मापाचे मागवा. सैल हातमोज्यांत बारीक सामान धरताना बोटं दुखून येतात.

रिसेप्शनिस्टचं दुखणं वेगळं असतं. पेशंट तासभर ताटकळला की राग तिच्यावर निघतो, तुमच्यावर नाही. त्याहून लागणारी गोष्ट अशी : तिने ठरलेली फी सांगायची, पेशंटने आत येऊन तुमच्याकडे कुरकुर करायची, आणि तुम्ही दारातूनच ‘अगं, यांना थोडं कमी लाव’ म्हणायचं. तुम्ही चांगल्या ठरता, ती खोटी पडते. सवलत द्यायची तर कुणाला आणि किती, हे तिच्या हाती द्या आणि तिच्या तोंडून जाऊ द्या. उशीर होत असेल तर पंधरा मिनिटं आधी तिला सांगा, म्हणजे ती पेशंटला फोन करू शकेल. बाकी गोष्टी तिच्या ती सांभाळते.

समाधानाबद्दल एकच मुद्दा, पण तो मला फार मोलाचा वाटतो. १९७०च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी कामात गोडी आणणाऱ्या ज्या पाच गोष्टी सांगितल्या त्यांत एक होती, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या नजरेसमोर पूर्ण होताना दिसणं. असिस्टंटला ते दिसत नाही. ती रूट कॅनलच्या तीन बैठकांत साथ देते आणि क्राउन बसतो त्या दिवशी दुसऱ्या खुर्चीवर असते. सुजलेला गाल घेऊन आलेला माणूस हसत गेला, हे तिला कुणी सांगत नाही. काम पूर्ण झाल्यावर आधीचा आणि नंतरचा एक्स-रे तिला शेजारी शेजारी दाखवा, ‘इथे तू रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) नीट धरलास म्हणून हे कोरडं राहिलं’ असं नेमकं सांगा. मिनिटभर लागतं. सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी उभ्याने दिवसाची वही बघायची : कोणाचं लॅबचं काम आलंय, कोण घाबरट आहे, कोणाला रक्त पातळ करायची गोळी आहे, अचानक येणाऱ्या दुखण्याला कोणती वेळ मोकळी आहे. त्या दहा मिनिटांत असिस्टंटने ‘अकराला हँडपीस नसतील’ म्हटलं तर वेळ तेव्हाच बदलायची. तिच्या शब्दाने वही हलते हे तिला दिसू द्या.

टिकणारी माणसं शोधायची कशी, हा तुमचा तिसरा प्रश्न. शोधण्यापेक्षा पहिल्या तीन महिन्यांकडे जास्त लक्ष द्या. नोकरी देण्याआधी उमेदवाराला एक पूर्ण दिवस, पैसे देऊन, दवाखान्यात बसवा. रक्त, लाळ, वास आणि ड्रिलचा आवाज झेपतो का हे तिला स्वतःलाच कळेल. संध्याकाळपर्यंत थांबून नकार देणारी तुमचा महिना वाचवते. पहिला आठवडा खुर्चीजवळ उभं करू नका, फक्त स्टरिलायझेशनची खोली आणि बघणं, तेही हातमोजे कसे काढायचे आणि सुई दोन हातांनी झाकायची नाही इथपासून. दुसऱ्या आठवड्यात फोटोवरून ट्रे लावणं. तिसऱ्या-चौथ्यात तपासणी आणि स्केलिंगला सक्शन. इम्प्रेशनचं अल्जिनेट (पाण्यात कालवायची पूड) पेशंटशिवाय दहा वेळा कालवून बघू दे : पाणी कोमट असेल तर ते वाटीतच घट्ट होतं, हे एकदा स्वतःच्या हातांनी अनुभवलं की पेशंटच्या तोंडाशी गोंधळ होत नाही. रूट कॅनल दुसऱ्या महिन्यात. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं तिला तीन प्रश्न विचारा : या आठवड्यात काय जमलं, कशाची भीती वाटली, काय शिकायचं राहिलं. भीतीचा प्रश्न वगळू नका.

बाँडबद्दल थोडक्यात. घेऊ नका. जायचं ठरवलेलं माणूस बाँडमुळे थांबलं तर ते तुमच्या पेशंटच्या तोंडाशी नाखुशीने दोन वर्षं काम करेल. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याचा विचार मनात असेल तर तो तर अजिबात नको. चांगली माणसं असलं कलम बघून दारातूनच परत जातात, उरतात ज्यांना दुसरीकडे कुणी घेत नाही. एखादीच्या बाहेरच्या प्रशिक्षणाचा खर्च तुम्ही केलात तर तेवढ्यापुरता, महिन्यागणिक कमी होत जाणारा परतफेडीचा करार करणं वेगळं. त्यातही आधी वकिलाला दाखवा.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे एकच खुर्ची आणि एकच असिस्टंट आहे, त्यांच्यासाठी : चार हँडपीस तुम्हाला पुरतीलही, पण एकटी असिस्टंट एकाच वेळी सिंकपाशी आणि खुर्चीपाशी असू शकत नाही. दोन पेशंटमधली दहा मिनिटं तुम्हाला जास्त लागतात, कमी नाही. आणि असिस्टंट म्हणून नोकरी शोधणाऱ्यांनी मुलाखतीत तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : हँडपीस किती आहेत, शेवटचा पेशंट किती वाजता घेतात, आणि याआधीच्या असिस्टंट किती दिवस होत्या.

राहिल्या ताई. त्यांना एवढ्यात पगाराचा आकडा सांगू नका. राजीनाम्यानंतर लगेच वाढ दिली तर त्यांना एवढंच ऐकू येईल की हे पैसे आधीही देता आले असते. आधी चाळीस मिनिटं काढा, दवाखाना बंद असताना, रिसेप्शनच्या टेबलापलीकडे नाही तर शेजारी बसून. हँडपीसच्या हिशेबाचा कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘ताई, हे मी आज मोजलं, तुम्ही सहा वर्षं सोसलंत. अजून काय काय माझ्या लक्षात आलेलं नाही?’ मग गप्प बसा. त्या बोलत असताना खुलासे देऊ नका, फक्त लिहून घ्या. दिवसातली कोणती वेळ सगळ्यात नकोशी वाटते, कोणतं काम आवडतं पण करायला मिळत नाही, पाठ कशी आहे, हे विचारा. त्यातल्या दोन गोष्टी त्याच आठवड्यात बदला, त्या थांबोत वा जावोत. पगारातला फरक निघाला तर तो अटीविना भरून द्या. त्यानंतर थांबाल का विचारा, एकदाच.

नाही म्हणाल्या तर गळ घालू नका. उरलेल्या आठवड्यांत त्यांना खुर्चीवरून मोकळं करा आणि फक्त शिकवण्याचं काम द्या : ट्रेचे फोटो त्यांच्याच हातचे काढून घ्या, मशीनच्या खोडी, लॅबवाल्यांच्या वेळा, साठा कितीवर आला की मागवायचा, हे सगळं त्यांच्याकडून एका वहीत उतरवा, आणि त्या वहीवर त्यांचं नाव घाला. अनुभवाचं प्रमाणपत्र मागायची वाट न बघता तयार ठेवा, त्यात त्यांना काय काय येतं ते टप्प्यांसकट लिहा. शेवटच्या दिवशी सातला दिवे बंद होतील अशी त्या दिवसाची वही आजच लावून ठेवा.